बिनकामाचं चालणं

(सामुदायिक रेडिओवर सादर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

दुपारची भांडी आवरून झाली असतील. कुणी वेचणीहून येऊन जरा टेकली असेल, कुणी निवडत-टिपत ऐकत असेल. हातातलं काम चालू द्या, पण एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. तुम्ही शेवटच्या कधी चालायला गेला होतात?

हसू आलं ना? आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हाच प्रश्न विचारला तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. एकजण म्हणाली, "ताई, आम्ही दुसरं करतो काय? पहाटेपासून चालतच असतो." खरंच आहे ते. शेतात भाकरी घेऊन जायचं, सरपण आणायचं, शेळ्यांमागं फिरायचं, रेशनच्या दुकानात जायचं, लेकराला अंगणवाडीत सोडायचं. चालून चालून टाचांना भेगा पडल्यात.

मग मी प्रश्न जरा बदलला. म्हटलं, डोक्यावर ओझं नाही, कडेवर लेकरू नाही, हातात विळा नाही आणि मनात पोचायची घाई नाही, अशा कधी चालला होतात?

बैठक गप्प झाली. मग आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "लग्नाआधी."

त्या एका शब्दानं आमचं काम सुरू झालं. आज त्याच कामाबद्दल तुमच्याशी बोलणार आहे. हे काम म्हणजे काम नसताना चालणं. आपल्याच शिवारातून, नदीच्या कडेनं, जमलं तर वर्षातून एकदा रानातून.

मी फुलंब्री तालुक्यातली. म्हैसमाळच्या डोंगरातून निघणारी गिरिजा आमच्या शिवारातून जाते आणि पुढं पूर्णेला मिळते. पावसाळ्यात भरून वाहते, हिवाळ्यात बारीक होते आणि उन्हाळ्यात नुसते दगड दिसतात. तुमच्याही गावाला अशी एखादी नदी नाहीतर ओढा असेलच.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही अकराजणी निघालो. वेचणीचे दिवस, सकाळ कुणाला मोकळी? म्हणून वेळ ठरवली साडेसहा ते साडेसात. तासाभरात परत. घरी चहा टाकून निघायचं आणि न्याहारीच्या आत यायचं, म्हणजे कुणाच्या घरी कुरकुर नको.

पारापाशी पोचलो तर तिथं बसलेल्या एका काकांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "काय गं पोरींनो, कोण गेलं?"

त्यांचं काय चुकलं? अकरा बाया सकाळी सकाळी एकत्र निघाल्या म्हणजे मयत असणार, नाहीतर मोर्चा, नाहीतर कर्जाचा मेळावा. बायका नुसत्या फिरायला निघाल्या हे त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आजींनी फार छान उत्तर दिलं. म्हणाल्या, "कुणी गेलं नाही. आम्ही आहोत का अजून, ते बघायला निघालो."

मैत्रिणींनो, आपल्याकडं बाई चालते तेव्हा तिच्या चालण्याला कारण लागतं. देवाचं कारण असलं तर कुणी अडवत नाही. आपल्या पैठणहून दरवर्षी ज्येष्ठात नाथमहाराजांची पालखी पंढरपूरला पायी निघते. तिच्यात डोक्यावर तुळस घेतलेल्या किती बाया असतात! दिवसच्या दिवस चालतात, उघड्यावर भाकरी खातात, फुगड्या खेळतात. त्यांना कुणी विचारत नाही की कामधंदा नाही का. जनाबाई आपल्याच मराठवाड्यातल्या, गोदाकाठच्या गंगाखेडच्या, आणि त्यांचं नाव पंढरपूरच्या वाटेशी कायमचं जोडलेलं आहे. म्हणजे बाईनं लांब चालणं आपल्या मातीला काही नवीन नाही. फक्त वारीचे दिवस सोडून उरलेल्या वर्षात तिला रविवारचा एक तास मिळत नाही.

तर त्या पहिल्या सकाळी आम्ही काय पाहिलं ते सांगते. गावाबाहेर पडलं की आमची पाणंद लागते. दोन्ही बाजूंना बोरी, हिवर आणि मधूनच निवडुंग. पुढं आद्रकीचे वाफे, मका काढून मोकळं झालेलं रान आणि मग तुरी. तुरीला पिवळी फुलं आली होती. मी त्या तुरीच्या शेजारून कितीदा गेले असेन, पण दर वेळी नजर खाली, तण किती झालंय ते बघत. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे बारा खोपे होते. एकीनं मोजले, दुसरीनं पुन्हा मोजले, तेराव्यावरून वाद झाला.

नदीच्या अलीकडं ओलीवर आजी थांबल्या आणि खाली बसल्या. आम्हाला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, "ही पाथरी. ही घोळ. तो तांदुळजा. तुम्ही ह्याला तण म्हणता आणि औषध मारता." तासाभरात त्यांनी नऊ रानभाज्या दाखवल्या. आमच्या एका वहिनीची नववीतली लेक सोबत होती, तिनं वहीत नावं लिहून घेतली. कुठली पावसात येते, कुठली थंडीत, कुठली कोवळी असतानाच खायची, कुठलीचं पाणी काढून टाकायचं. आज ती वही आमच्या गटाची आहे आणि तिच्यात सत्तावीस नावं झाली आहेत. एक नियम मात्र आजींनी घालून दिलाय. ज्या भाजीची ओळख पक्की नाही ती तोडायची नाही, आणि फवारलेल्या रानाच्या कडेची तर नाहीच नाही.

असे चार रविवार छान गेले. पाचव्या रविवारी वाट बंद.

नदीकडं जाणाऱ्या पायवाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या आणि पलीकडं नांगरट केलेली. शेत आमच्या भावकीतल्याच एका दिराचं. मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, भाऊजी, वाट का मोडली? त्यांचं उत्तर मला आजही टोचतं. ते म्हणाले, "वहिनी, वाट कसली? तीन वर्षांत तिथं कुणाचं पाऊल पडलंय का? तुम्ही बाया आता चार दिवस हौस म्हणून निघालात."

आणि मैत्रिणींनो, त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. पूर्वी आम्ही त्या वाटेनं रोज जायचो, धुण्याला, पाण्याला. मग घरोघरी नळ आला. फार चांगलं झालं, डोक्यावरचे हंडे उतरले. पण त्या बरोबर नदीवर जाणंही थांबलं आणि वाटेवर गवत चढलं. ज्या वाटेवरून ओझं वाहिलं तिच्यावर आपला हक्क होता, हे आमच्या लक्षातच नव्हतं. ओझं गेलं आणि वाटही हातची जायला निघाली.

मी चिडून घरी आले. पण आमच्या गटाच्या सचिव हुशार. त्या म्हणाल्या, आधी नकाशा बघू, मग भांडू. पुढचं जरा लक्ष देऊन ऐका, कारण ही अडचण गावोगावी आहे.

प्रत्येक गावाचा एक गाव नकाशा असतो. त्याची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून मिळते. तलाठ्यांकडं, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडंही चौकशी करता येते. त्या नकाशात शेतांच्या हद्दींबरोबर जुन्या वाटा दाखवलेल्या असतात. तुटक तुटक दोन रेषा शेजारी शेजारी असतील तर तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. तुटक एकच रेषा असेल तर ती पायवाट, तिची रुंदी सव्वाआठ फूट. आमच्या नकाशात नदीपर्यंत जाणारी ती एकेरी तुटक रेषा स्पष्ट दिसत होती. सव्वाआठ फूट! आम्ही आयुष्यभर एकीमागं एक चाललो, आणि कागदावर तिघी शेजारी शेजारी चालतील एवढी वाट होती.

आता कायद्याचं. शेतात जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, हे विसरू नका. "बघू पुढच्या हंगामात" म्हणालात तर मुदत निघून जाते. आणि शेताला जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आमच्या गटातल्या तिघींची शेतं त्या नदीवाटेवरच आहेत, म्हणून आम्हाला अर्ज करता आला असता.

आम्ही अर्ज लिहून तयार ठेवला, पण दिला नाही. आधी नकाशाची नक्कल घेऊन सगळ्याजणी भाऊजींच्या ओट्यावर गेलो. चहा झाला. आजी, ज्या नात्यानं त्यांच्या चुलती लागतात, त्यांनी त्या तुटक रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आईनं तुला ह्याच वाटेनं कडेवर घेऊन नदीला नेलंय. मी तिच्या मागं होते." भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि दुसऱ्या दिवशी काट्या काढल्या.

सव्वाआठ फूट मिळाली असं सांगितलं तर खोटं होईल. बांधाच्या कडेनं तीन फूट सोडलीत. आणि जाताना एक ऐकवलं, "चालत राहिलात तर राहील. नाहीतर पुढच्या पाळीला मी नांगर फिरवीन." म्हणून आम्ही चालतो. अर्ज अजून सचिवांच्या पिशवीत आहे आणि कॅलेंडरवर सहा महिन्यांच्या तारखेला लाल गोल केलेला आहे.

हे सगळं मी माझ्या भाचीला फोनवर सांगितलं. ती इंग्लंडमध्ये नोकरीला असते. ती म्हणाली, मावशी, थांब, तुला एक दाखवते. तिनं व्हिडिओ पाठवला. गव्हाचं मोठं शेत, आणि त्याच्या मधोमध सरळ गेलेली हातभर रुंद वाट. दोन्ही बाजूंना गहू गुडघ्याएवढा, वाट मोकळी. शेताच्या कडेला लाकडी खांब, त्यावर पिवळा बाण. म्हणजे ही सगळ्यांची पायवाट आहे. कुंपण आडवं आलं की ते ओलांडायला दोन फळ्यांची पायरी. जनावरं बाहेर जात नाहीत आणि माणूस अडत नाही. शेत खासगी, पण वाट सगळ्यांची. शेताच्या मधून गेलेली अशी वाट पेरणीसाठी नांगरली, तर शेतकऱ्यानं चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्यासारखी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद, असा तिथला कायदा आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया सुट्टीच्या दिवशी नदीकाठानं, शेतातून, झाडीतून दोन-चार मैल फिरून येतात आणि कुणी विचारत नाही की कोण गेलं.

पण हे त्यांनाही आयतं मिळालं नाही बरं का. तिकडं डोंगर-माळ मोठ्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले असायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काऊट नावाच्या डोंगरावर चारेकशे माणसं मुद्दाम चालत गेली. बहुतेक गिरण्या-कारखान्यांत राबणारी तरुण मुलं. रखवालदारांशी झटापट झाली, पाचजणांना तुरुंगात टाकलं. पुढं १९४९ मध्ये कायदा झाला आणि गावोगावच्या वाटा नकाशावर नोंदवायला सुरुवात झाली. म्हणजे तिथंही आधी माणसं चालली, मग कागद झाला. आपल्याकडं कागद जुना आहे, चालणारी माणसं कमी झालीत.

आता तुमच्यापैकी कुणाला वाटेल, शिवार ठीक आहे, पण वर्षातून एकदा जरा लांब जावं. आपला जिल्हा त्यासाठी फार चांगला आहे. बसच्या अंतरावरच्या दोन जागा सांगते.

पहिली पैठण. आपण पैठणला जातो, दर्शन घेतो, पैठणी काचेतून बघतो आणि परत बस. पुढच्या वेळी एक तास जास्तीचा काढा. नाथमहाराजांच्या समाधी मंदिरापासून गोदेच्या काठानं घाटाघाटानं नागघाटाच्या बाजूला सावकाश चाला. चढ नाही, दम लागत नाही, गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. मधे पायऱ्यांवर बसायचं. वर जायकवाडीचं धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते सुरू झालं. त्या नाथसागराखाली शंभरावर गावं गेली. आमच्या गटातल्या एकीचं आजोळ त्या पाण्याखाली आहे. काठावर उभं राहून ती म्हणाली, "माझ्या आईची धुण्याची वाट आता ह्या पाण्यात असेल." सगळ्या गप्प उभ्या राहिलो. फिरायला गेलं म्हणजे नुसती मौजच होते असं नाही.

थंडीत नाथसागराच्या उथळ काठांवर लांबून लांबून पक्षी येतात. रोहित, म्हणजे उंच गुलाबी पायांचे फ्लेमिंगो, आणि बदकांचे थवेच्या थवे. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, सकाळी लवकर जायचं आणि गोंगाट करायचा नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडायचं असतं तेव्हा काठावरच्या गावांना इशारा देतात. अशा दिवशी नदीपात्रात उतरायचं नाही, एक पायरीसुद्धा नाही. पाणी बघता बघता वाढतं.

दुसरी जागा कन्नडच्या वरची, गौताळा. हेही अभयारण्य १९८६ चंच, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, सातमाळ्याच्या डोंगरात, थोडं आपल्या जिल्ह्यात आणि थोडं जळगावकडं. साग, अंजन, पळस, मोह. फाल्गुनात पळस फुलला की डोंगर पेटल्यासारखा दिसतो. २०२१ मध्ये तिकडं यवतमाळकडच्या टिपेश्वरमधून एक वाघ चालत चालत येऊन राहिला होता. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बघा, त्यालाही कुणी विचारलं नसेल कुठं निघालास."

पण रान म्हणजे शिवार नाही. तिथं आपण पाहुण्या. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, ते सांगतील त्याच वाटेनं आणि ऊन उतरायच्या आत परत. बिबट्या आणि अस्वलं आहेत, म्हणून लेकरं मधे, मोठ्या पुढं-मागं, आणि कुणी एकटीनं झाडीत जायचं नाही. आग्या मोहोळ असतं तिथं धूर नको, दगड नको, अंगाला अत्तर नको. कुरकुऱ्यांची पाकिटं पिशवीतून परत आणायची.

आणि शहराच्या कडेला राहणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी खाम आहे. जटवाड्याकडून येणारी ही नदी शहरातून जाताना नाला झाली होती. अलीकडच्या वर्षांत तिचे काही काठ साफ करून झाडं लावलीत, चालण्याजोगं केलंय. तेवढ्या भागात नक्की जाऊन या. नदी पुन्हा नदी होऊ शकते हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

आता कसं निघायचं, ते थोडक्यात.

पहिलं, घरचं. आमच्या गटात एक नवी सून होती. तिच्या सासूबाईंनी मोडता घातला. "घरात कामं कमी आहेत का?" मी भांडायला गेले नाही. सासूबाईंनाच म्हटलं, "तुम्ही चला ना, आम्हाला जुन्या वाटा कुठं माहीत आहेत." पहिल्या दिवशी त्या तोंड वाकडं करून आल्या. आता सगळ्यांच्या आधी पारापाशी उभ्या असतात आणि सूनबाईला हाक मारतात. ज्यांची भीती वाटते त्यांनाच सोबत घ्या.

दुसरं, वेळ आणि अंतर. सुरुवातीला अर्धा तास पुरे. जिचा पाय सगळ्यात हळू, तिच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. ही शर्यत नाही. गुडघे धरलेत, शुगर आहे, बीपी आहे, ऑपरेशन झालंय, तर आधी आशाताईंना विचारा. मार्चनंतर उन्हं चढायच्या आत घरी. पावसात काळ्या रानात जाऊ नका, चपलेला किलोभर चिखल चिकटतो. तेव्हा मुरमाची वाट बरी.

तिसरं, जवळ काय असावं. पाण्याची बाटली, पायात पूर्ण झाकणारे बूट किंवा मागं पट्टा असलेली चप्पल, हातात काठी, आणि गटात निदान एक चार्ज केलेला मोबाइल. गवतात पाऊल टाकायच्या आधी काठी आपटा. साप चावलाच तर घट्ट आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, देवाला नेऊन बसवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन लावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

चौथं, दुसऱ्याच्या शेताचा मान. पिकात पाय टाकायचा नाही, कैरी-बोरं विचारल्याशिवाय तोडायची नाहीत, फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. आपण वाट मागतो तर शेतकऱ्याला वाटलं पाहिजे की ह्या बाया येऊन गेल्या तरी काही बिघडत नाही. भाऊजींच्या गोठ्यातली गाय सुटलेली आम्हीच पाहिली आणि बांधून आलो. त्यानंतर ते आम्हाला हाक मारून राम राम घालतात.

पाचवं आणि शेवटचं. गटाच्या इतिवृत्तात जशी कर्जाची नोंद करता तशी ह्याचीही एक ओळ लिहा. आज कुठल्या वाटेनं गेलो, किती जणी होतो, वाटेत काही अडथळा होता का. तारखेसह. उद्या वाटेचं भांडण निघालं तर "बाया इथून कधी चालतच नाहीत" असं कुणाला म्हणता येणार नाही.

ह्यानं काय मिळालं, असं आम्हाला पुष्कळजण विचारतात. कर्ज फिटलं नाही, कापसाचा भाव वाढला नाही. पण आमच्या एका वहिनी आहेत, दोन वर्षांपूर्वी मालक गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हत्या. बैठकीत येऊन खाली मान घालून बसायच्या, सही करून निघून जायच्या. चालायला लागल्यावरही बरेच दिवस गप्पच असायच्या, सगळ्यांच्या मागून यायच्या. एका रविवारी नदीकाठच्या करंजाखाली थांबलो होतो, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "इथं ते बैलं धुवायचे." एवढंच. मग परत येईपर्यंत सगळी वाट त्या बोलत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. समोरासमोर बसून कुणाला जे सांगता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना सांगता येतं. ती वाट बंद राहिली असती तर त्या करंजापर्यंत आम्ही पोचलोच नसतो.

म्हणून सांगते, ह्या रविवारी चौघीजणी जमा. फार लांब नको, गावाबाहेरच्या पहिल्या ओढ्यापर्यंत जा. डोक्यावर काही घेऊ नका. कुणी विचारलं, "कोण गेलं?" तर हसून पुढं व्हा. आणि तिथपर्यंत जायची वाट मोडलेली दिसली, तर गप्प परत फिरू नका. नकाशा काढा, तारीख लिहून ठेवा आणि सहा महिने मोजा.

आमच्या आजी आता ब्याऐंशीच्या आहेत. गेल्या रविवारी त्यांना नदीपर्यंत जमलं नाही, अर्ध्या वाटेवर बांधावर बसून राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. वाट पायाखाली ठेवा. मी पुढच्या वेळी येते."

आम्ही जाऊन आलो. तुम्हीही जाऊन या.